माप ओलांडून स्वतःच्याच घरात

लग्न करून आम्ही आयर्लंडला परतलो, त्या दुपारी माझ्या बायकोने पर्समधून किल्ली काढली, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधल्या घराचं दार उघडलं, आत जाऊन हीटिंग लावलं, स्टीलच्या फुलपात्रात तांदूळ भरून आणले, ते उंबऱ्यावर ठेवले आणि पुन्हा बाहेर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. माझ्या हातातल्या फोनमधून कोल्हापूरहून माझी आई बघत होती. "उजवा पाय गं, उजवा," आई ओरडली. बायकोने उजव्या पायाने माप लवंडलं आणि आत आली. तिकडे आईने डोळे पुसले, वडिलांनी टाळ्या वाजवल्या. इकडे शेजारच्या आयरिश काकू कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "किल्ली हरवलीत का गं तुम्ही? बाकी सगळं ग्रँड ना?"

बायको हसली, मीही हसलो. सून सासरी माप ओलांडून येते. ही मात्र स्वतःच्याच घरात माप ओलांडून आली होती, कारण ते घर तिचं एकटीचं होतं आणि माझ्या आईवडिलांना ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला या प्रकाराची गंमत वाटली. लाज पुढे वाटायला लागली, आणि ती अजून गेलेली नाही.

ती डॉक्टर आहे. नाशिकला वाढली, पुण्यात शिकली, माझ्या कितीतरी आधी इकडे आली. ब्युमॉन्ट हॉस्पिटलात ड्यूट्या करकरून, सुट्टीच्या दिवशी एकटीच घरं बघत फिरून, लग्नाच्या आधीच तिने हे घर घेतलं. कर्ज तिच्या नावावर, घर तिच्या नावावर. ताबा मिळाला तेव्हा तिची आई नाशिकहून महिनाभर येऊन राहिली होती. वडील लवकर गेलेले, दोघीच एकमेकींना. त्या दोघींनी मिळून ते घर लावलं. जुन्या इरकली साड्यांचे पडदे शिवले, आणि मागच्या लहान खोलीला तेव्हापासून नावच पडलं, आईची खोली. मी त्या काळात लिमरिक शहरात दोन मित्रांबरोबर भाड्याने राहत होतो आणि फ्रिजमधलं दूध कुणाचं यावरून भांडत होतो. गणपतीच्या कार्यक्रमात आमची ओळख झाली. लग्न ठरल्यावर मी डब्लिनकडच्या औषधाच्या कारखान्यात नोकरी बदलून घेतली आणि दोन बॅगा नि एक कुकर घेऊन तिच्या घरी राहायला आलो.

यात लाजण्यासारखं काय आहे, असं कुणी मला आज विचारलं तर मी छातीठोकपणे सांगेन, काहीच नाही. पण माझ्या घरात एक शब्द फार वाईट समजला जातो. घरजावई.

माझे धाकटे काका घरजावई आहेत. मिरजेला बायकोच्या माहेरी राहतात, सासऱ्यांचं दुकान बघतात. माणूस सोन्यासारखा. पण आमच्याकडच्या कुठल्याही कार्यात ते पंगतीच्या कडेला बसायचे, आणि कुणी ना कुणी म्हणायचंच, "काय राव, परवानगी काढून आलाय न्हवं?" सगळे हसायचे, काकाही हसायचे. सगळ्यात मोठ्याने माझे वडील हसायचे. वडिलांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून, एकेक खोली वाढवत स्वतःचं घर बांधलं. त्यांच्या लेखी पुरुषाची किंमत त्याच्या डोक्यावरचं छप्पर कुणाचं यावर ठरते. मी लहानपणी काकांच्या त्या हसण्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, आपल्यावर अशी वेळ येऊ द्यायची नाही.

म्हणून लग्नाच्या बैठकीत, दोन्हीकडची माणसं बसलेली असताना वडिलांनी विचारलं, "तिकडं राहायचं कसं? घराचं काय?" तेव्हा मी म्हणालो, "घर घेतलंय आम्ही. दोघांनी मिळून." वडिलांची मान अशी ताठ झाली की बघत राहावं. समोर ती बसली होती, शेजारी तिची आई. तिच्या आईने चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. तिने आईच्या हातावर हात ठेवला आणि पोह्यांची बशी पुढे केली. नंतर आम्ही दोघेच असताना ती एवढंच म्हणाली, "अरे, सांगायचंस ना आधी. मी दचकले." ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिला ते छोटंसं, समजून घेण्यासारखं खोटं वाटलं, आणि मलाही तसंच वाटू द्यायचं होतं.

लग्नाला वर्ष झालं आणि आईवडिलांनी उन्हाळ्यात तीन महिने यायचं ठरवलं. मला आधी ते बैठकीतलं खोटं आठवलं. घरात कागद असतात, शेजारीपाजारी बोलतात. एका रविवारी ती शेगडी घासत होती, तेव्हा मी अगदी सहज आठवल्यासारखं म्हणालो, "आपण घर दोघांच्या नावावर करून घेऊया का? उद्या काही झालं तर, म्हणजे... सोयीचं पडेल."

"मला काही झालं तर तसंही तुलाच मिळणार आहे," ती घासता घासता म्हणाली. रोज मरणं बघणारी बाई, तिला या गोष्टींचा संकोच नाही. "खरं कारण काय?"

"आईबाबा येतायत."

तिने घासणी बाजूला ठेवली. मी वाद घालायच्या तयारीत होतो. आजकाल आपण वेगळं काही मानत नाही, तुझं-माझं असं काही नसतं, अशी वाक्यं मी आंघोळ करताना पाठ केली होती. ती म्हणाली, "करूया की. मला काय, राहायचं तर दोघांनाच आहे." माझी सगळी वाक्यं वाया गेली. जी गोष्ट मागायला इतका घाबरलो ती तिने अशी देऊन टाकली, याने मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र चोरी पकडली गेल्यासारखं झालं.

इथे लग्न झालं म्हणून एकाचं घर आपोआप दोघांचं होत नाही. ज्याच्या नावावर त्याचं. फक्त नवरा-बायको राहतात ते घर दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. हे सगळं आम्हाला स्वोर्ड्सच्या मेन स्ट्रीटवरच्या सॉलिसिटर बाईंनी सांगितलं. घर घेताना बायकोचं काम त्यांनीच केलं होतं. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या, बोलायला गोड. त्या मला म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आजही त्या घरात पूर्ण सुरक्षित आहात. रोजच्या जगण्यात काही फरक पडणार नाही. तरी बदल करायचाय?"

"हो," मी म्हणालो. जरा जास्तच लवकर म्हणालो.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाल्या की अर्धा-अर्धा हिस्सा लिहून देता येईल, पण कर्ज असल्यामुळे बँकेची परवानगी लागेल आणि कर्जात माझंही नाव घालावं लागेल. दुसरं म्हणजे, मी वेगळा वकील करायचा. "मी यांची वकील आहे," त्या बायकोकडे हात करून म्हणाल्या. "देणाऱ्या या आहेत. सहीच्या दिवशी मी यांच्याशी एकटीशी बोलेन. तसा आमचा रिवाजच आहे, राग मानू नका." मी हसून म्हणालो, राग कसला. पण बाहेर येईपर्यंत माझे कान तापले होते. नवरा-बायकोच्या मध्ये कुणी परकी बाई येऊन उभी राहते आणि म्हणते, तुम्ही जरा तिकडे बसा, मला यांना विचारायचंय की तुम्ही यांना छळत तर नाही ना! मी बायकोला म्हणालो, "या लोकांना नाती कळतच नाहीत." ती म्हणाली, "कळतात की. म्हणूनच विचारतात."

बँकेने परवानगीला इतका वेळ लावला की त्याआधी आईवडीलच येऊन थडकले.

वडिलांना घर फार आवडलं. ते रोज सकाळी घराला प्रदक्षिणा घातल्यासारखे मागच्या अंगणातून पुढे आणि पुढून मागे फिरायचे, पन्हळीत पानं अडकली का बघायचे, गरम पाण्याचं इमर्शनचं बटण कुणी चालू ठेवलं म्हणून सगळ्यांना ओरडायचे. रस्त्यावर कुणी दिसलं की त्यांच्या इंग्रजीत सांगायचे, "माय सन्स हाउस." इथली माणसं भली, ती म्हणायची, "लव्हली." एकदा शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या आणि वडिलांना कौतुकाने सांगायला लागल्या, की तुमची सून फार धीराची हो, घर घेतलं त्या आठवड्यात एकटीने शिडीवर चढून हे पुढचं दार पिवळं रंगवलं, मी म्हटलं माझ्या मुलाला बोलावते तर म्हणाली, पहिल्या घराचं दार मीच रंगवणार. काकूंचा उच्चार वडिलांच्या पार डोक्यावरून गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणत्यात?"

"दाराचा रंग छान आहे म्हणतात," मी म्हणालो.

"थँक्यू, थँक्यू," वडील म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. काकू माझ्याकडे बघून हसल्या, त्यांना वाटलं मी त्यांचं सगळं म्हणणं पोचवलं. बायको मागे गाडीतून सामान उतरवत होती. तिने दोन्ही भाषा ऐकल्या. ती पिशव्या घेऊन त्या पिवळ्या दारातून आत गेली.

तिने ते नाटक माझ्यापेक्षा चांगलं निभावलं. आईने आणलेली अंबाबाईची तसबीर लावायची होती, तर ती वडिलांना म्हणाली, "बाबा, खिळा कुठे मारायचा तुम्ही सांगा." वडिलांनी जागा दाखवली. तिथे आधी तिच्या वडिलांचा फोटो होता. तिने तो काढून आमच्या बेडरूममध्ये नेला आणि खिळा ठोकायला हातोडी माझ्या हातात दिली. मी ठोकला. भिंत पोकळ होती, खिळा हलत राहिला. वडील म्हणाले, "लेका, तुला घर घेता आलं पण खिळा मारता येईना." सगळे हसले.

एवढ्यावर ते तीन महिने गेले असते तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. पण ऑगस्टात एकदा जेवताना आईने विचारलं, "मागच्या खोलीला आईची खोली का म्हणता गं? मी यायच्या आधीपासनं म्हणताय." आईला वाटलं, आपल्यासाठीच म्हणतात, जरा खूशही झाली असावी. बायको म्हणाली, "माझ्या आईची, आई. ती हिवाळ्यात येणार आहे. गुडघे दुखतात तिचे, एकटी असते. तीनेक महिने राहील."

वडिलांचा हात ताटात थांबला. "तीन महिने?"

"हो बाबा."

"हे बघ पोरी," वडील म्हणाले. आवाज प्रेमळ होता, ते तिच्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. "विहीणबाई आमच्या चांगल्याच हायत. पण लेकीच्या सासरी आईनं असं महिनोन्‌महिने राहायचं बरं दिसत न्हाई. आमच्यात तर पूर्वी लेकीच्या घरचं पाणी पीत नसायचे. आठ-पंधरा दिस येऊ देत, पाहुणचार करू, साडी नेसवू. त्याच्यापेक्षा जास्त म्हणजे... पोराच्या घरात मग सासूचं राज्य, असं लोक म्हणतात."

बायकोने घास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, ती फक्त थांबली होती. साधी गोष्ट होती. मी म्हणायचं होतं, बाबा, घर तिचं आहे. चार शब्द. माझं खोटं मला आतापर्यंत माझ्यापुरतं वाटत होतं, माझी इज्जत झाकायचं फडकं. त्या जेवणाच्या टेबलावर मला पहिल्यांदा नीट कळलं की मी केलं काय. तिने कष्टाने घेतलेलं घर मी एका वाक्याने तिचं सासर करून टाकलं होतं, आणि सासरी तिच्या आईला जागा नव्हती.

मी वाटी पुढे ओढली. आमटी वाढून घेतली. अजून आठवतं, आमटी नको होती तरी घेतली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"बरं बाबा," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात उभी राहून नाशिकला तिच्या आईशी फोनवर बोलत होती आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होतो. तिकिटाचं जरा थांबूया, ती म्हणाली. पलीकडून काय बोलणं झालं ते तिच्या उत्तरांवरून कळत होतं. "नाही गं आई, ते काही बोलले नाहीत... अगं नाही, तुझी अडचण कशी होईल... बरोबर आहे त्यांचं असं काय म्हणतेस?... तुला माहितीये ना घर कुणाचं आहे?... बरं. बरं, नाही म्हणत." तिच्या आईनेच तिची समजूत काढली होती. लेकीच्या संसारात आपल्यापायी वाद नको. त्या बाईला सगळं ठाऊक होतं आणि तीसुद्धा माझं खोटं सांभाळत होती. मी खिडकीपासून बाजूला झालो आणि विनाकारण डिशवॉशर रिकामा करायला घेतला.

सप्टेंबरात बँकेचं पत्र आलं. माझी सही माझ्या वकिलाकडे झाली. त्या वकिलाला घाईच होती, त्याने दोन प्रश्न विचारले आणि पेन दिलं. बायकोची सही शुक्रवारी दुपारी तिच्या सॉलिसिटर बाईंकडे ठरली. आईवडील पुढच्या आठवड्यात परत जाणार होते. मी गाडी पार्क केली, पण दोघंही उतरलो नाही.

"नको करूया हे," मी म्हणालो.

"का?"

"बरं वाटत नाहीये मला."

"मग बाबांना काय सांगणार?"

ती माझ्याकडे वळून बसली. हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना ती बहुधा अशीच बोलत असेल, शांत आणि एकही शब्द न गाळता.

"हे बघ. तू त्यांना खरं सांगणार असशील तर या सहीची गरजच नाही. मी आत जाऊन तसं सांगते आणि आपण घरी जाऊ. सांगणार नसशील तर मी सही करते, म्हणजे निदान तू बोललास ते इथून पुढे खोटं राहणार नाही. मला दोन्ही चालेल. पण मधलं नको. मधलं मी तीन महिने केलं." तिने पट्टा सोडला. "आत जरा वेळ लागेल, आधी त्या माझ्याशी बोलणार आहेत. तू बाबांना फोन कर. झालं की मला मेसेज टाक. मी सही करणार नाही."

ती गेली. मी गाडीतून उतरून फुटपाथवर उभा राहिलो. वरून विमान उतरत होतं, इतकं खाली की चाकं दिसत होती. मी घरचा फोन लावला. वडिलांनी लगेच उचलला.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"बोल की. थांब, आधी माझं ऐक. आत्ताच तुझ्या धाकट्या काकाचा फोन आलता. व्हिडिओवर सगळं घर दाखवलं त्याला. वरच्या खोल्या, मागचं अंगण, गाडी उभी करायची जागा. म्हटलं, बघ, पोरानं परमुलखात काय उभं केलंय. रडला रे तो. म्हणाला, आपल्या घरात कुणीतरी ताठ मानेनं राहिलं." वडिलांचा आवाज जड झाला. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मी लई हसलो त्याला आयुष्यभर. आज वाईट वाटलं. हां, बोल, काय सांगत होतास?"

तीच वेळ होती. एक माणूस स्वतःहून नरमला होता. कदाचित त्या क्षणी त्यांनी माझंही ऐकून घेतलं असतं. मी तोंड उघडलं.

"पाऊस येईलसं वाटतंय," मी म्हणालो. "मागचे वाळत घातलेले कपडे आत घ्या."

"एवढ्यासाठी फोन केलास?"

"हो."

"घेतो," वडील म्हणाले आणि फोन ठेवला.

मी फोन हातात धरून उभा राहिलो. मेसेज अजूनही टाकता आला असता. ती म्हणाली होती, आधी सांग, मग मेसेज टाक, आणि तिच्याशी खोटं बोलायचं तेवढं मी शिकलो नव्हतो. एवढाच काय तो माझा प्रामाणिकपणा. शेजारच्या औषधाच्या दुकानातून लोक येत-जात होते, एकाने हवामानाबद्दल काहीतरी म्हटलं, मी इथल्या रीतीप्रमाणे ग्रँड म्हणालो.

ती बाहेर आली तेव्हा तिने पहिल्यांदा फोनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मेसेज नाही आला."

"नाही."

"मी वाट बघितली. त्यांनी कागद पुढे ठेवला तरी म्हटलं, एक मिनिट." ती गाडीत बसली. "केली सही. त्यांनी विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का."

"मग?"

"नाही म्हटलं. दबाव कुठे होता? तू तर काही बोललाच नाहीस."

मी गाडी सुरू केली. मला वाटत होतं तिने ओरडावं. मेन स्ट्रीटवर सिग्नलला थांबलो तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "आता अर्धं तुझं आणि अर्धं माझं. अख्खं माझं होतं तेव्हा मी आईला नको म्हटलं. आता माझ्या अर्ध्यात माझी आई येऊन राहील. हिवाळाभर. तेवढं तू बाबांना सांग."

"सांगतो," मी म्हणालो. सिग्नल सुटला तरी मला कळलं नाही, मागच्याने हॉर्न वाजवला.

घरी पोचलो तर वडील बैठकीच्या खोलीत बातम्या बघत होते, आई लसूण सोलत होती. कपडे आत आणून नीट घड्या करून ठेवलेले. बायको स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली, कोटही न काढता. मी बसलो नाही, बसलो असतो तर बोललो नसतो.

"बाबा, तिच्या आई नोव्हेंबरात येणार आहेत. हिवाळाभर राहतील."

वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "असं कुणी ठरवलं?"

माझ्यापुढे पुन्हा तेच दार उघडं होतं. तिचं घर, तिची आई, तिने ठरवलं. बायको माझ्या पाठीमागे होती, मला तिचा चेहरा दिसत नव्हता.

"मी," मी म्हणालो. "मी ठरवलं."

वडिलांनी क्षणभर विचार केला. त्यांना आवडलं नव्हतं, पण त्यांच्या हिशेबात हे बसत होतं. "मग काय," ते म्हणाले, "प्रश्नच मिटला. घर तुझं हाय. तुझा शब्द." आणि आईकडे वळून म्हणाले, "बघ, मोठ्या मनाचं हाय पोरगं." आईने लसणाच्या हातानेच माझ्या गालाला हात लावला. मागे बायकोच्या पावलांचा आवाज आला, मग फ्रिज उघडल्याचा. त्या रात्री जेवताना ती सगळ्यांशी नीट बोलली, माझ्याशीही बोलली. मला वर मान करून तिच्याकडे बघता आलं नाही.

आईवडील गेले, आणि नोव्हेंबरात सासूबाई आल्या. विमानतळावरून घरी येईपर्यंत दोघी मायलेकी मागच्या सीटवर हात धरून बसल्या होत्या. मी आरशातून बघत होतो, बरं वाटत होतं. म्हटलं, उशिरा का होईना, झालं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो तेव्हा बायको ड्यूटीवर गेलेली होती. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. स्वयंपाकघरात अंधार होता आणि त्या अंधारात सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या, शाल गुंडाळून. कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. याच ओट्यावरच्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, कुठे चहा ठेवायचा आणि कुठे डाळी, ते घर घेतलं तेव्हा त्यांनीच ठरवलं होतं. आम्ही अजून तसंच ठेवतो. मला बघून त्यांनी शाल सारखी केली आणि जरा बाजूला सरकल्या.

"चहा टाकू का, जावईबापू?" त्यांनी विचारलं. "चालेल ना तुम्हाला?"

मला म्हणायचं होतं, आई, घर तुमच्या लेकीचं आहे, मला कसलं विचारता. शब्द तयार होते. इतके दिवस तयारच होते. पण ते बोललो तर पुढे आणखीही बरंच बोलावं लागलं असतं.

"टाका की," मी म्हणालो.

मग कुठे त्यांनी दिवा लावला.